घासण्याआधी ओळखा



प्रत्येकाच्या घरी विळी असते. नव्या विळीचे पाते पांढरे असते. तिच्यावर आवळे चिरले, कैरी चिरली, की पाते काळे पडते. घरची बाई ते राखेने घासते. तरी थोडा काळेपणा राहतोच. तो मळ नव्हे. आवळ्यात तुरट रस असतो. तो लोखंडाशी मिळतो आणि पात्यावर काळा, पातळ थर बसतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. ती शाई आणि विळीचा हा काळा रंग सख्खे भाऊ आहेत.

तवा पाहा. नवा लोखंडी तवा करडा असतो. त्याला तेल लावून तापवत गेले की तो काळाभोर होतो. मग त्याला भाकर चिकटत नाही आणि गंजही लवकर चढत नाही.

म्हणजे काय? आपल्या अंगावर कातडी असते, तशी लोखंडाच्या अंगावरही असते. कधी ती आपोआप येते. कधी कारागीर ती मुद्दाम चढवतो. जुन्या हत्यारांची ही कातडी कशी ओळखावी, ते या धड्यात पाहू.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, याचा आम्हाला उपयोग काय?" त्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो.

१. सुताराची पेटी

दर्यापूरजवळच्या एका गावात एक म्हातारा सुतार वारला. वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाने माळ्यावरची पेटी खाली काढली. हत्यारांवर इंग्रजी अक्षरे होती. ती वाचायला त्याने मला बोलावले.

पेटीत एक लोखंडी रंधा होता. दोन पटाश्या होत्या. हाताने फिरवायचे एक ड्रिल होते. एक वाकस होती. लोखंड पकडायचा एक जड व्हाइस होता. तळाशी मूठभर जुने बोल्ट होते.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे सारं गंजलं हाये. ग्राइंडरवर घासतो अन् चमकवतो. बोल्ट लोहाराच्या भट्टीत टाकून काही बनवून घेतो. नाई तं भंगारवाल्याले देऊन टाकतो."

त्याची आई दारात बसली होती. ती म्हणाली, "त्यायनं ही पेटी कोनाले हात लावू देल्ली नाई."

मी म्हणालो, "थांब बापू. कागद वाचल्याशिवाय अंगठा लावू नये, हे तुला साक्षरतेच्या वर्गात शिकवलं ना? तसंच हत्यार वाचल्याशिवाय घासू नये."

आम्ही पेटी अंगणात आणली. एकेक हत्यार वाचले. त्या दिवशी घाई केली असती, तर चांगला माल नासला असता आणि एखाद्याच्या जिवावरही बेतले असते. कसे, ते पुढे कळेल.

२. ही हत्यारे आपल्याकडे कशी आली?

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांनी आपल्याकडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेने १८६७ साली नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून अचलपूरला दर्यापूरमार्गे छोटी गाडी सुरू झाली. लोक तिला शकुंतला म्हणत. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले व डिझेलचे आले. आता तर गाडीही थांबली आहे.

रेल्वेबरोबर सरकी काढायचे जीन आणि गठाणी बांधायचे प्रेस आले. त्यांची यंत्रे विलायतेतून येत. यंत्रांबरोबर पाने, बोल्ट, रंधे, ड्रिल अशी हत्यारेही येत. कारखाने बंद पडले, की अशी हत्यारे मिस्त्रीकडून सुताराकडे, बाजारातून शेतकऱ्याकडे, अशी हातोहात जातात. म्हणून खेड्यातल्या पेटीतही लांबच्या देशाचे हत्यार सापडते.

३. आधी या चार गोष्टी करा

(१) हत्यार दिवसाच्या उजेडात पाहा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतो.

(२) कापडाला थोडे घासलेट लावून धूळ व जुने तेल हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. विडी पेटवू नका.

(३) दोन जागा पाहा. हाताने झिजलेली जागा आणि मुठीखालची झाकलेली जागा. झाकलेल्या जागी मूळ रंग राहतो. झिजलेल्या जागी आत काय आहे ते दिसते.

(४) लोहचुंबक लावा. वरून पिवळे दिसते, पण चुंबक चिकटतो, तर ते पितळ नव्हे. आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा आहे.

४. काळे रंग

काळा रंग एकच वाटतो. पण त्याचे चार प्रकार आहेत.

भट्टीची पपडी : लोखंड तापवून ठोकले की त्यावर काळी-करडी पपडी येते. ती ठिसूळ असते. ठोकले की तिचे तुकडे उडतात. वाकस, कुऱ्हाड, विळा यांच्या जाड भागावर ती दिसते. ती दिसली, की समजा हत्यार हाताने घडवले आहे आणि तो भाग नंतर घासलेला नाही.

तेलाचा काळा : गरम लोखंड तेलात बुडवतात किंवा त्यावर तेल चोळतात. मग तव्यासारखा गुळगुळीत काळा रंग येतो. तो पातळ असतो. त्याखाली हातोडीच्या खुणाही दिसतात.

जपानी काळा : हा जाड, चकचकीत असतो. शिवणयंत्राच्या अंगावर पाहिला असेल. जपानच्या कारागिरांचा चमकदार रोगण युरोपात फार वाखाणला जाई. त्याची नक्कल म्हणून डांबरासारखे काळे द्रव्य व जवसाचे तेल मिसळून लावत आणि भट्टीत भाजत. म्हणून त्याला जपानचे नाव पडले. तो झडला, की कडेला शिंपल्यासारखा टवका निघतो. आमच्या पेटीतल्या रंध्यावर हाच रंग होता. अमेरिकेच्या स्टॅन्ले कंपनीच्या जुन्या रंध्यांना असा काळा रंग असे. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे निळे असत. रंग ओळखला, की अर्धे नाव वाचल्यासारखे होते.

राखी काळा : हा खरखरीत असतो. त्याला चमक नसते. बोट फिरवले तर बारीक वाळूसारखा लागतो. तो फॉस्फेटचा थर होय. तो तेल धरून ठेवतो, म्हणून गंज लागत नाही. लष्करी सामानावर तो पुष्कळ असे.

५. पांढरे रंग

निकेल : याचा पांढरा रंग किंचित पिवळसर, उबदार असतो. जुना झाला की अंधूक होतो. निकेलचा मुलामा १८७० च्या सुमारास कारखान्यांत रुळला. पुष्कळदा निकेलखाली तांब्याचा थर देतात. म्हणून झिजलेल्या जागी गुलाबी रंग डोकावतो. आमच्या ड्रिलच्या मुठीजवळ तसाच गुलाबी पट्टा होता. मुलगा त्याला गंज समजला होता!

क्रोम : हा निळसर पांढरा, थंड, आरशासारखा असतो. मोटारसायकलवर पाहा. तो फार कठीण असतो. क्रोमचा मुलामा १९२० नंतरच्या वर्षांत बाजारात आला. म्हणून क्रोमचे हत्यार आजोबांचे असेल, पण १९०० सालचे नसेल. विकणारा तसे सांगत असेल, तर एक तर हत्यार नवे आहे, नाही तर मुलामा नंतर चढवला आहे.

कल्हई : हे कथील होय. तांब्या-पितळेच्या भांड्याला लावतात ते. ते मऊ असते आणि त्याची चमक मंद असते.

जस्त : बादली, पत्रा, पाण्याचा पाइप यांवर जस्त असते. पत्र्यावर फुले उमटल्यासारखी नक्षी दिसते. ती जस्ताची खूण. जुने झाले की त्यावर पांढरी भुकटी येते. असल्या भांड्यात ताक, चिंच, लोणचे ठेवू नये. आंबटाने जस्त सुटते व अन्नात उतरते. खाणाऱ्याला उलट्या होतात.

चंदेरी रंग : हा मुलामाच नव्हे. हा डब्यातला रंग. घासलेटच्या फडक्याने पुसला, की फडक्यावर राखी डाग येतो. गंजलेला माल खपवायला कोणी कोणी तो लावतात. सावध राहा.

कॅडमियम : हे नाव नवे वाटेल. पण लक्षात ठेवा. हा धातू जस्ताचा भाऊबंद आहे. रंग चांदीसारखा, मऊ, कधी पिवळसर झाक असलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या म्हणजे १९३९ ते १९४५ च्या काळातले बोल्ट, पाने, यंत्राचे भाग यांवर तो पुष्कळ चढवत. तो गंज चांगला रोखतो. पण तो विष आहे. आणि नुसत्या डोळ्यांनी जस्त कोणते व कॅडमियम कोणते, हे खात्रीने सांगता येत नाही.

६. आगीचे रंग

पटाशीच्या धारेजवळ कधी पिवळा, जांभळा किंवा निळा रंग दिसतो. तो कोणी लावलेला नसतो. तो आगीने येतो.

लोहार पोलाद लाल करून विझवतो. मग ते काचेसारखे कठीण, पण ठिसूळ होते. म्हणून तो ते पुन्हा थोडे तापवतो. घासलेल्या जागेवर रंग धावू लागतात. हवा तो रंग आला, की तो हत्यार पाण्यात घालतो. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. रंगांचा क्रम असा :

गव्हाच्या काडासारखा पिवळा : सुमारे २२० ते २३० अंश. धार फार कठीण राहते.

गुळासारखा तपकिरी : सुमारे २५५ अंश. लाकूड कापणाऱ्या हत्यारांना चालतो.

जांभळा : सुमारे २८० अंश. लोखंड तोडायच्या छिन्नीला चालतो. ती घाव सोसते.

मोराच्या मानेसारखा निळा : सुमारे ३०० अंश. पोलाद लवचिक होते. कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, चालते.

हे रंग कशाने येतात? तापलेल्या पोलादावर हवेने अत्यंत पातळ थर बसतो. डबक्यातल्या पाण्यावर तेलाचा थेंब पडला, की रंग दिसतात ना? तसेच हे. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो.

आता नीट ऐका. आमच्या एका पटाशीच्या धारेचा कोपरा निळा होता. कोणीतरी ती ग्राइंडरवर दाबून धरली होती. धार तापली आणि तिचे पाणी उतरले. असा कोपरा लवकर बोथट होतो. म्हणून धार लावताना हत्यार घडीघडी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसला, की थांबा. माणसाचे आणि पोलादाचे पाणी एकदा उतरले, की परत चढवायला कष्ट पडतात.

७. जिवावरचे मुलामे

आता धड्यातला महत्त्वाचा भाग. तो दोनदा वाचा. घरातल्यांना वाचून दाखवा.

जस्त लावलेले लोखंड भट्टीत घालू नका व वेल्डिंगही करू नका. जस्त जळते आणि पांढरा धूर निघतो. तो नाकात गेला, की काही तासांनी अंगात हिव भरते, ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. माणसाला वाटते हिवताप आला. बहुधा हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो.

कॅडमियमचा धूर मात्र याहून फार वाईट. आरंभी दुखणे तसेच वाटते. थंडी, ताप, खोकला. माणूस म्हणतो, "सकाळपर्यंत बरा होईन." पण आत फुप्फुसात पाणी भरू लागते. माणूस दगावूही शकतो. म्हणून धूर घेतल्यावर छाती भरली, दम लागला, तर वाट पाहू नका. ताबडतोब सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरला सांगा, "मुलामा दिलेलं लोखंड जाळलं, त्याचा धूर लागला." एवढे एक वाक्य सांगितले तर उपचार लवकर होतो. दूध प्यायले, गूळ खाल्ला, की धुराचे विष उतरते असा समज आहे. तो खरा नाही.

तिसरे विष आपल्या ओळखीचे आहे. शेंदूर! रंगवायचा खरा शेंदूर म्हणजे शिशाची लाल भुकटी. ती तेलात कालवून पूल, यंत्रे, खांब यांना पहिला हात देत. त्याने लोखंड टिकते. वरून दुसरा रंग लावत. आमच्या व्हाइसवर निळा रंग होता. टवका उडाला होता, तिथे खाली शेंदरी थर दिसला. जुन्या यंत्रावर असा थर दिसला, तर तो शिशाचाच समजा. तो कोरडा खरडू नका, जाळू नका. त्याची धूळ पोटात गेली, तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. गरोदर बाईलाही ती वाईट. आणि तंबाखू मळणाऱ्यांनो, विशेष ध्यानात धरा. तोच हात, तीच चिमूट, तेच तोंड. आधी साबणाने हात धुवा.

८. मग साफ कसे करावे?

सगळा गंज वैरी नसतो. तांबडा, भुसभुशीत गंज लोखंड खातो. तो काढावा. काळा, घट्ट बसलेला थर राखण करतो. तो ठेवावा. दिल्लीला मेहरौली येथे एक लोहस्तंभ आहे. तो सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे. त्यामुळे त्यावर एक पातळ थर धरला आणि त्या थरानेच खांब राखला.

तांबड्या गंजावर घासलेट किंवा पातळ तेल लावा. रात्रभर ठेवा. सकाळी नारळाच्या काथ्याने चोळा आणि कापडाने पुसा. शेवटी तेलाचा हात द्या. जपानी काळा, निकेल यांना पॉलिश पेपर लावू नका. गेलेला मूळ थर परत येत नाही आणि हत्याराचे मोलही उतरते. जवसाचे तेल वापरले, तर तेलाचे बोळे ढीग करून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.

९. पेटीचे काय झाले?

रंधा घासलेटने पुसला. त्यावरची अक्षरे दिसू लागली. मुलाने ती स्वतः जुळवून वाचली. ड्रिलला तेल दिले. ते गरगर फिरू लागले. निळ्या कोपऱ्याची पटाशी लोहाराकडे गेली. त्याने तिला पुन्हा पाणी दिले. व्हाइसचा रंग कोणी खरडला नाही. टवक्यावर नवा रंग लावून तो झाकला. बोल्टांवर पिवळसर चंदेरी मुलामा होता. तो जस्ताचा की कॅडमियमचा, ते कोण सांगणार? म्हणून ते डब्यात बंद केले. वर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले : "जाळू नये. घासू नये." साक्षरतेच्या वर्गात शिकलेले अक्षर असे कामी आले.

शेवटी वाकस उरली. तिचे पाते काळे, भट्टीच्या पपडीचे. दांडा बाभळीचा. जिथे म्हाताऱ्याची मूठ बसे, तिथे तो खोलगट आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मुलाने सवयीने पॉलिश पेपर उचलला.

आई म्हणाली, "ते घासू नको, बाप्पा. तो त्यायचा हात हाये."

मुलाने पेपर खाली ठेवला. तो धडा त्याला मी शिकवावा लागला नाही.

कठीण शब्द

मुलामा : एका धातूवर दुसऱ्या धातूचा चढवलेला पातळ थर.
पपडी : सुटणारा ठिसूळ थर.
पाणी देणे : पोलाद तापवून व विझवून हवे तेवढे कठीण करणे.
टवका : वरच्या थराचा निघालेला तुकडा.

प्रश्न

१. आवळा चिरल्यावर विळी काळी का पडते?
२. निकेल आणि क्रोम यांच्या रंगात काय फरक आहे?
३. पटाशीचा कोपरा निळा झाला, तर काय झाले असे समजावे?
४. मुलामा दिलेले बोल्ट भट्टीत का घालू नयेत?
५. जुन्या यंत्राचा शेंदरी रंग खरडल्याने कोणाला जास्त अपाय होतो?

हे करून पाहा

आपल्या घरातील पाच जुनी हत्यारे दिवसाच्या उजेडात पाहा. प्रत्येकाचा रंग कोणता, झिजलेल्या जागी आत काय दिसते, ते पाटीवर लिहा. वर्गात वाचून दाखवा.